दाराच्या आतल्या बाजूचा रंग

रोहा
१० नोव्हेंबर १९९६

दादा,

पंचवीस वर्षांनी लिहितो आहे, ते कामापुरतं. काम नसतं तर लिहिलं नसतं. तुला ते कळेलच, म्हणून आधीच सांगतो.

आपल्या गणपतीच्या कारखान्याचं जे सागवानी दार आहे, त्याच्या आतल्या बाजूला मी एकोणसाठ साली रंग लावला होता. इंजिनाचा रंग, लाखी. त्यावर नंतर तुम्ही दुसरे हात दिले असतील. पण बिजागरीच्या मागे, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे तो शिल्लक असणार. तेवढा काढून पाकिटात घालून पाठव. नखाएवढा पुरे. खरवडताना सुरी बोथट घे, म्हणजे पापुद्रा अख्खा निघेल. भुकटी झाली तर उपयोग नाही.

कारण असं. मी नोकरीला होतो त्या रेल्वे वर्कशॉपच्या मागच्या रुळावर तीस सालचं एक इंजिन उभं आहे. विजेचं, पॅसेंजर गाड्यांचं. घाट चढून पुण्याला जायचं. वीस वर्षं ते नुसतं उभं आहे, छपरावर पिंपळ उगवला होता. आता त्याला साफ करून, मूळचा रंग देऊन लोकांना बघायला ठेवायचं ठरलं आहे. रेगे नावाचे तरुण इंजिनिअर त्या कामावर आहेत. जुन्या पेंटर खात्यातला कोणी जिवंत आहे का ते शोधत ते रोह्याला आले. मी एकटाच सापडलो.

त्यांनी विचारलं, "मूळ रंग कुठला होता, काका?"

"लाखी."

"म्हणजे मरून?"

"मरून नव्हे. लाखी."

त्यांनी पिशवीतून रंगाच्या कंपनीचं कार्ड काढलं. त्यात सहा लाल होते. मी म्हटलं, ह्यातला एकही नाही. ते म्हणाले, मग कसा होता ते सांगा. मला सांगता आलं नाही.

त्यांच्याकडे जुने फोटो आहेत, पण ते काळे-पांढरे. इंजिन तीन ठिकाणी खरवडून बघितलं. वर निळा आणि क्रीम, त्याखाली हिरवा, त्याखाली प्रायमर, मग पत्रा. लाखी कुठेच नाही. चौसष्ट साली हिरवा द्यायचा होता तेव्हा आधीचा रंग ब्लोलॅम्पने जाळून पत्र्यापर्यंत काढला होता. मीच काढला होता. नोंदवहीत एवढंच लिहिलेलं आहे: "लाखी, मिस्त्रीच्या हातचा." मिस्त्री म्हणजे काळुराम. तो वारला. तयार लाल, त्यात काळा, त्यात थोडा पिवळा, आणि शेवटी आणखी काहीतरी. ते शेवटचं तो आमच्याकडे पाठ फिरवून घालायचा.

म्हणजे तो रंग आता फक्त आपल्या दाराला आहे.

मी रोह्यात मुलाकडे, प्रविणकडे असतो. तो धाटावच्या कंपनीत आहे. पत्ता मागे लिहिला आहे. वहिनीला नमस्कार सांग.

महिपती


रोहा
१ डिसेंबर १९९६

दादा,

उत्तर आलं नाही. तू वाचतोस की नाही ते कळत नाही, तरी लिहितो, कारण मार्चअखेर इंजिनाला रंग लागलाच पाहिजे असा वरून हुकूम आहे. तोवर नमुना मिळाला नाही तर रेगे कार्डातला लाल घेतील. तो त्यांनी पत्र्यावर लावून मला दाखवला. थंड पेयाच्या पाटीसारखा दिसतो. त्या रंगात इंजिन उभं राहिलं की लोक तोच खरा धरतील, आणि खरा कुठला ते सांगायला कोणी उरणार नाही.

मी घरी पत्र्याचे तुकडे कापून नमुने केले. सात केले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागच्या वर्षी काढला, डाव्याचा तसाच आहे. उजव्याने बघितलं तर चौथा बरोबर वाटतो. डाव्याने बघितलं तर सहावा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर एकही नाही. बायकोच्या नजरेला तरी पटतो का बघावं म्हणून रंभाला बोलावलं. ती म्हणाली, "ह्यो वांग्याचा. ह्यो विटंचा. आन् ह्यो माज्या लग्नातल्या पातळाचा." कुठला पातळाचा, म्हणून परत विचारलं, तर तिला तो ओळखता आला नाही.

डोळ्याचं ऑपरेशन पेणला शिबिरात झालं. हिरवी पट्टी बांधून दोन दिवस पेणला होतो. आपलं हमरापूर तिथून किती लांब ते तुला सांगायला नको. प्रविण म्हणाला, जाऊया का. मी म्हटलं, डोळ्याला धूळ चालत नाही.

रोह्याला विजेची तार नाही. इथे डिझेल येतं. पुढे कोकणात रूळ टाकायचं काम चालू आहे, तेही डिझेलसाठीच. मी अडतीस वर्षं विजेची इंजिनं रंगवली, हे शेजाऱ्यांना ऐकून माहीत आहे, कोणी बघितलेलं नाही. एक जण विचारत होता, त्याला रंग कशाला लागतो, विजेवर चालतं ना.

त्या इंजिनाचं अंग लाखी होतं, खालची चौकट काळी, आणि कमरेवरून पिवळी दोरी. दोरी म्हणजे अर्ध्या इंचाची रेघ, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पन्नास-बावन्न फूट. बाकीचे पेंटर सुतळी ताणून, खडूची खूण करून ती ओढायचे. कामावर लागलो त्या आठवड्यात काळुराम मिस्त्रीने ब्रश माझ्या हातात दिला. मी खुणेशिवाय ओढली. दम धरायचा, हात नाही हलवायचा, पायांनी चालायचं. मिस्त्री म्हणाला, "कुठं शिकलास रं?" मी म्हटलं, "आम्ही गणपतीचे डोळे काढतो." तो म्हणाला, "मग आमच्या इंजिनाचे पण काढ." सगळे हसले.

पण मी खरंच काढायचो. पुढच्या दिव्याभोवती पिवळं कडं असतं. ते मी सर्वांत शेवटी काढायचो, आणि काढल्यावर त्या इंजिनाला कोणी ब्रश लावलेला मला चालायचा नाही. घरची सवय. एकदा एकाने नंतर बफरला काळा लावला तर मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. तिथे मला भटजी म्हणायचे.

डोळे काढायला मी कोणाकडून शिकलो ते मी मिस्त्रीला सांगितलं नाही. आप्पांकडून, म्हणजे बापाकडून, शिकलो असं तो समजला. तू शिकवलंस. पाटावर भाताचा तूस पसरून, काडीने.

बिजागरी वरची नको, खालची बघ. वरच्या बिजागरीला तेल लागलेलं असतं.

महिपती


रोहा
२९ डिसेंबर १९९६

दादा,

मंगळवारी तुझा नितेश येऊन गेला. धाटावच्या एका कंपनीच्या गणपतीची ऑर्डर पक्की करायला आला होता. मी त्याला ओळखलं नाही. मी शेवटचा हमरापूरला आलो होतो तेव्हा तो जन्माला यायचा होता. दारात उभा राहून म्हणाला, "महिपतीकाका तुम्हीच ना? मी हमरापूरचा." तुझ्यासारखाच उभा राहतो, एक खांदा खाली करून.

रंभाने त्याला जेवायला बसवलं. तो जेवताना मी दाराचं विचारलं.

"दार नाय आता, काका. शटर हाय. सात वर्षं झाली."

"आणि जुनं दार?"

"भट्टीत गेला. नाय, भट्टीत नाय, आयच्या चुलीत. तिनं महिनाभर पुरवला."

रंभा म्हणाली, "घ्या. वहिनीनं रंगाचा भात केला." तो हसला. मला हसू आलं नाही. मी विचारलं, बाबा काही म्हणाले का, पत्रं पोचली का. 

"पोचली. दोनदा वाचतात. मंग पाटाखाली ठेवतात."

"काही बोलले नाहीत?"

"एकदा बोलले. आयला बोलले, मला नाय."

"काय?"

"म्हनले, दाराचा रंग मागतोय, मूर्तीचा मागत नाय."

रंभाने माझ्याकडे बघितलं. तिला यातलं काही माहीत नाही. तिला मी एवढंच सांगितलं आहे की आप्पांच्या पश्चात आपलं पटलं नाही. पोरगा गेल्यावर ती म्हणाली, "कुठल्या मूर्तीचा?" मी म्हटलं, घरात जुनी भांडणं असतात. ती म्हणाली, "त्ये मला ठाव हाय. मी मूर्तीचं इचारलं."

मूर्तीचा म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

एकोणसाठच्या श्रावणात मी रजा काढून मदतीला आलो होतो. चाळीस मूर्तींची सोवळी मी रंगवली. त्या वर्षी पाऊस फार होता. मूर्तींचं नुकसान झालं. रंगाचा त्यात भाग असू शकेल. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं होतं की चांगला रंग तो चांगलाच.

दार जळलं हे रेगेंना अजून कळवलेलं नाही.

महिपती


रोहा
१२ जानेवारी १९९७

दादा,

मागचं पत्र टाकून आल्यावर मला वाटलं होतं की झालं, लिहिलं. आठ दिवसांनी ते मनात परत वाचलं. त्यात मी लिहिलं आहे की मी मदतीला आलो होतो, आणि नुकसान झालं. कोणी केलं ते लिहिलेलं नाही. पाऊस फार होता असं मात्र लिहिलं आहे.

आता सरळ लिहितो. नमुना आता कुठे उरलेला नाही, तेव्हा हे मी रंगासाठी लिहीत नाही.

माझ्या ट्रंकेत एक डबा होता. वर्कशॉपमधून आणलेला. आणलेला म्हणजे चोरलेला. काळुराम मिस्त्रीने तो इंजिनाच्या शेवटच्या हातासाठी कालवून ठेवला होता. मी तो टॉवेलात गुंडाळून गेटबाहेर काढला. सापडलो असतो तर त्याच दिवशी नोकरी गेली असती. आणला ते तुम्हाला दाखवायला. आदल्या वर्षी गिऱ्हाइकं म्हणाली होती की तुमच्या गणपतीच्या सोवळ्याचा रंग हाताला लागतो. मला दाखवायचं होतं की रंग कसा असतो.

चाळीस मूर्ती पाटांवर होत्या. आप्पा दम्याने खाटेवर. तू कोळशाच्या शेगड्या मांडून ठेवल्या होत्यास आणि सगळ्यांना सांगत होतास, पोटातली ओल गेली नाही, अजून पाच दिवस कोणी ब्रश लावायचा नाही. त्या दिवशी तू पहाटे वडखळला गेलास, गाड्या ठरवायला. मी सकाळी डबा उघडला. दिवेलागणीपर्यंत चाळीसही सोवळी रंगवून झाली.

तू आलास तेव्हा त्या चमकत होत्या. तू एकीच्या गुडघ्याला बोट लावलंस.

"ह्यो कुठला रंग?"

"मुंबईचा."

"माती ओली हाय, महिपती."

"आता लावून झालाय."

 मी उरलेला रंग दाराच्या आतल्या बाजूला लावून संपवला आणि रिकामा डबा खाडीत टाकला. दार मी सजवायला रंगवलं नव्हतं. डबा रिकामा करायला रंगवलं. पहिल्या पत्रात मी ते असं लिहिलं आहे की जणू कारखान्याला शोभा आणली.

पत्र्यात पाणी नसतं. मातीत असतं. तुझे गेरू-सफेद्याचे रंग ते बाहेर जाऊ देतात, माझा देत नव्हता. हे नऊ-दहा वर्षांच्या पोरालाही आपल्या घरात ठाऊक असतं. मलाही होतं. सात वर्षं लोखंड रंगवून मी ते विसरलो होतो, किंवा मला वाटलं की आता मला त्याची गरज नाही.

चतुर्थीच्या चार दिवस आधी ऊन पडलं. दुपारपर्यंत सोवळ्यांवर फोड आले. संध्याकाळी ते सुटायला लागले, आणि सुटताना मांडीची, पोटाची माती घेऊन सुटले. सव्वीस मूर्ती गेल्या. गिऱ्हाइकं दारात उभी होती. पाटावर नाव घातलेली मूर्ती द्यायची नाही म्हणजे त्या घरात त्या साली गणपती नाही. कोणीतरी तुझं नाव घेऊन म्हणालं, शिवानं माती वाळवली नाय. आप्पांनी खाटेवरून विचारलं, "काय झाला? कोनाचा काम?" मी तुझ्याकडे बघितलं. तू आधीच माझ्याकडे बघत होतास.

मी म्हटलं, "ओल राहिली."

ते खोटं नव्हतं. ओल राहिलीच होती. तेवढ्या आधारावर मी अडतीस वर्षं काढली.

आपल्या घरी डोळे एकाच हातचे. आप्पांनंतर ते तुझ्या हातचे व्हायचे होते, त्याच वर्षी व्हायचे होते. पुढच्या श्रावणात आप्पांनी मला बोलावून घेतलं आणि डोळ्यांच्या आखणीचा ब्रश मला दिला. मी घेतला. बारा वर्षं मी रजा काढून येत होतो. तू वर्षभर माती आणायचास, चाळायचास, मळायचास, साच्यातून काढायचास, आणि शेवटच्या आठवड्यात मी येऊन डोळे काढायचो. तू शेजारी बसून काळ्या रंगाची वाटी धरायचास. मला ते आवडायचं. लोक बघायला यायचे. वाटी धरलेल्या माणसाकडे कोणी बघत नसे, मीही नाही.

एकाहत्तरला आप्पा गेले. त्या साली आखणी झाल्यावर तू म्हणालास, "पुढल्या साली येऊ नको." मी का म्हणून विचारलं नाही. रंभाने विचारलं तर तिला म्हटलं, दादाला आता माझी गरज वाटत नाही.

हे पत्र लिहून मी रंभाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "चार पत्रं लिवलीत. हे पयलं लिवायला होवं होतं."

रेगेंना मी उद्या कळवतो की नमुना नाही.

महिपती


हमरापूर
२७ जानेवारी १९९७

काका, बाबा सांगतात तसं लिहिते आहे, सुधारत नाही. — प्रणिता, नितेशची बायको.

महिपती,

तुझी चार पत्रं आली. चवथं आलं म्हनून हे लिवतोय. तीनच आली असती तर लिवलं नसतं.

हे पत्र आननाऱ्या मानसाबरोबर आप्पाची तपकिरीची डबी धाडतोय. हलक्या हातानं उघड. आत तुझा रंग हाय.

त्या सव्वीस मूर्ती फोडून आपन हौदात भिजत टाकल्या, ते तू बघितलास. रजा संपली नि तू गेलास, त्याच्या पुढचं नाय बघितलास. माती इरघळली, रंग नाय इरघळला. मळताना पायाला लागायचा, माशाच्या खवल्यासारखा. एक दिवस आप्पा खाटेवरनं उठून हौदापाशी आला. पयला पापुद्रा त्यानंच उचलला. नखानं घासला, वास घेतला. म्हनला, ह्यो आपल्याकडला नाय, ह्यो रेल्वेचा हाय.

मी म्हनलो, मंग लोकांना सांगूया. आप्पा म्हनला, सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, वर पोलीस येतील. तू आपल्यावर घे. तू घरातच हायस, तुला कोन काढनार. मी घेतलं. मंग ओल्या मातीवाल्याच्या हातचं डोळं लोकांना नको झालं. आप्पाचाबी इलाज नव्हता. म्हनून ब्रश तुला.

आप्पा म्हनायचा, महिपती आपनहून बोलंल, तू बोलू नको, त्याला बोलू दे. दर साली तू आलास की आप्पा दोन दिवस गप बसून तुझ्या तोंडाकडं बघायचा. तुला वाटायचं डोळं बघतोय, तुझा हात बघतोय. बारा साल बघितलं. आप्पा गेला तवा मी म्हनलो, आता तरी बोलंल. तू ब्रश धुतलास आनि एसटीचा टाइम इचारलास.

पापुद्रं अजून निघतात. पयले मूठ मूठ निघाले, ते फेकले. मंग कमी झाले तसे मी ठेवायला लागलो. आता सालाला एखादा. काय लोकांच्या गनपतीच्या पोटात बसून पान्यात गेले असतील, त्याला माझा इलाज नाय. तुझी वहिनी हौसा म्हनते, टाकून द्या की ती घान. मी म्हनतो, असू दे, पावती हाय.

मातीकडली बाजू बघ. तिला ऊन लागलेलं नाय.

माझा हात कापतो. आखनी चार साल नितेश करतो. चांगली करतो. तवा डोळं काढायला येऊ नको. माती मळायला मानूस लागतो.

शिवा


रोहा
३० मार्च १९९७

दादा,

डबी मिळाल्याचं मी तेव्हा कळवलं नाही. काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता काम झालं आहे, ते कळवतो.

डबीत एकतीस पापुद्रे होते. मी त्यातले चार साध्या पाण्यात धुतले. बाहेरची बाजू तपकिरी पडली आहे. मातीकडची बाजू डब्यातून काढल्यासारखी आहे. वर्कशॉपच्या उत्तरेच्या खिडकीत ते माझ्या सात तुकड्यांच्या शेजारी धरले. सातही चूक होते. माझ्या आठवणीत तो रंग होता त्यापेक्षा जास्त लाल झाला होता. खरा काळसर आहे, गार आहे. रेगेंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "काका, ह्यात निळ्याचे कण आहेत." काळुराम पाठ फिरवून घालायचा तो निळा होता. थेंबभरच.

माझ्या दोन डोळ्यांना तो अजून दोन तऱ्हेचा दिसतो. त्याने अडत नाही. नमुना शेजारी असला की दोन्ही एकाच डोळ्याने बघायचे. नमुना नसला तरच अडतं.

मी तीन आठवडे तिथे राहिलो. रेगेंनी सोय केली होती. पुटी, घासणी, अस्तर, पुन्हा घासणी, मग लाखीचे दोन हात, मग वार्निश. मी कालवून दिला, लावला नाही. लावायला रघू म्हणून एक पेंटर आहे, तिशीतला. बोलत नाही फारसा. पिवळी दोरी त्याने चिकटपट्टी लावून मारली. सरळ आली. मी त्याला खुणेशिवाय ओढायला सांगणार होतो, पण त्याची पद्धत त्याची.

शेवटी दिव्याचं कडं राहिलं. रेगे म्हणाले, हे काकांच्या हातचं होऊ दे, फोटो काढू. सगळे बाजूला झाले. मी म्हटलं, रघू काढेल. रेगेंना वाटलं हात कापतो म्हणून म्हणतो आहे. हात कापत नाही. रघू शिडीवर चढला. एका हाताने आधाराला दिवा धरायचा, दुसऱ्याने ब्रश, मग रंग कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. मी दोन पायऱ्या चढून वाटी धरली. कडं पुरं व्हायला वीस-बावीस मिनिटं लागली. दंडाला रग लागते. मला ते माहीत नव्हतं.

खाली उतरल्यावर रघूने बफरवरचा एक डाग पुसायला ब्रश उचलला. मी म्हटलं, आता नको. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ब्रश ठेवला. कारण विचारलं नाही.

रेगेंना एक फॉर्म भरायचा होता. त्यात रंगाचा नमुना कुठून मिळाला ते लिहायचं असतं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चोरलेला असं कसं लिहू, काका? इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?" त्यांनी लिहिलं, "मूर्तिकार शिवा, हमरापूर, यांच्या संग्रहातून." वाचून माझ्याकडे सहीला दिला. त्याखाली जागा होती. तिथे मी लिहिलं: "सन १९५९ मध्ये वर्कशॉपमधून परवानगीशिवाय नेलेला. नेणारा महिपती, पेंटर." मग सही केली. रेगेंनी ते वाचलं. फॉर्म फाइलला लावला. रंभा म्हणते, पेन्शन अडली तर वहिनीच्या चुलीवर जेवायला जाऊ.

आप्पा दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघायचे ते मला आठवतं. मी तेव्हा काय समजत होतो ते तू बरोबर लिहिलं आहेस.

पाडवा आठ तारखेला आहे. नऊला, बुधवारी, सकाळच्या गाडीने पेणला उतरतो आणि तिथून येतो. डबी आणतो. तीस आहेत, एक रेगेंनी काचेखाली ठेवला. या साली हौदात निघाला असेल तर टाकू नको.

ब्रश आणत नाही.

महिपती